माझा सूर कोण खातंय?

४ मार्च

खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर आज वर आले होते. दिवसभर लोकांच्या दाढांत ड्रिल फिरवणारा माणूस दारात उभा राहून मला सांगतो, "काकू, तुमच्या आवाजाचा फार त्रास होतो." मी म्हटलं, "तुमचे पेशंट दिवसभर तोंड उघडं टाकून बसतात, पण त्यांनी अजून माझी तक्रार केलेली नाही." हसले बिचारे. पण जाताना सांगून गेले, की अ‍ॅम्प असाच चालू राहिला तर इमारतीच्या कमिटीकडे लेखी तक्रार जाईल.

अ‍ॅम्प म्हणजे माझ्या इलेक्ट्रिक गिटारचा आवाज मोठा करणारं खोकं. नोकरीभर कोर्टात स्टेनोग्राफर होते. वकील तावातावाने बोलोत की साक्षीदार तोंडातल्या तोंडात पुटपुटो, या बोटांनी एक शब्द सुटू दिला नाही. निवृत्त झाल्यावर स्वतःसाठी एकच चैन केली, ती ही गिटार. शाळेत सिस्टरांनी प्रार्थनेपुरती शिकवली होती, पुढचं माझं मी शिकले. आता तीही लोकांना खुपते.

सुनेने तोडगा काढला. "आई, खोकं बंद ठेवा. हल्ली अ‍ॅम्प लॅपटॉपमध्ये मिळतो." गिटारची वायर एका छोट्या डबीत, डबीची वायर लॅपटॉपमध्ये. तिथे एक सॉफ्टवेअर हव्या त्या अ‍ॅम्पची नक्कल करतं. आपण हेडफोन लावून ऐकायचं, हवं तर तिथेच रेकॉर्ड करायचं. मी म्हटलं, "म्हणजे नकलाकार." ती म्हणाली, "हो, पण हुबेहूब." असे कितीतरी नकलाकार बाजारात आहेत म्हणे. पारखून घ्यावा लागेल.

धाकट्या बहिणीचा फोन येऊन गेला. तिच्या स्वरयंत्रावर गाठ आहे, चोवीस तारखेला ऑपरेशन. किरकोळ आहे, असं ती सांगते. पुढे आवाज कसा होईल ते मात्र डॉक्टर सांगत नाहीत. "ताई, त्याआधी आपलं पंक्चरचं गाणं रेकॉर्ड करूया ना." शाळेत असताना मागच्या खोलीत अभ्यासाच्या नावाखाली आम्ही दोघींनी ते गाणं केलं होतं. शब्द तिचे, गिटार माझी. सायकल पंक्चर होते, एवढीच त्याची गोष्ट. मी हो म्हटलं. सॉफ्टवेअर ठरलं की लगेच.

७ मार्च

पहिलं सॉफ्टवेअर उतरवलं. काही दिवस फुकट वापरून बघता येतं. पडद्यावर चामड्याने मढवलेल्या जुन्या अ‍ॅम्पचं चित्र, पितळी बटणं. मी त्याचं नाव 'आजोबा' ठेवलं. उत्तरही आजोबांसारखंच सावकाश. तार छेडली की आवाज क्षणभराने यायचा. सुनेने कुठेतरी एक आकडा बदलला आणि उशीर गेला. कोर्टातला उशीर इतक्या सहज गेला असता, तर मी भर तारुण्यात निवृत्त झाले असते.

पण मग खरी लबाडी उघड झाली. पंक्चरच्या गाण्यात दोन कडव्यांच्या मध्ये माझी एक तान आहे, आठ सुरांची. वरून सरसर खाली येते, चाकातली हवा जावी तशी. आजोबा त्यातला सहावा सूर खातात. सात ऐकू येतात, मध्ये खड्डा. सून म्हणाली, यात एक फाटक असतं. घरघर ऐकू येऊ नये म्हणून हळू आवाजाला ते अडवतं, कदाचित सूर तिथे अडकत असेल. फाटक उघडं टाकलं. तरी खड्डा.

दात नाहीत, पण सूर बरोबर चावतात. आजोबा बाद.

९ मार्च

रविवार. धाकटीचं पाळणाघर आज बंद, म्हणून ती सकाळीच आली. कोमट पाण्याची बाटली घेऊन, गळ्याला रुमाल गुंडाळून. आल्याआल्या सुनेला म्हणाली, "चला, तुझ्या सासूबाईंचं कोर्ट भरलं का?"

मी काल दुसरं सॉफ्टवेअर उतरवून ठेवलं होतं. त्याच्या पडद्यावर इतकी बटणं आणि दिवे आहेत, की पट्टा बांधून बसावंसं वाटतं. याचं नाव 'विमान'. धाकटीसमोर माइक ठेवला. तिचा आवाज आणि गिटार यांचं माप जुळेना, म्हणून तिला पहिली ओळ पुन्हा पुन्हा गायला लावली. तिने न कुरकुरता गायली. मध्ये मध्ये पाणी पीत होती. शेवटी वैतागून म्हणाली, "ताई, आपण गाणं म्हणतोय की रक्तदाब मोजतोय?"

मग एकदा पूर्ण म्हटलं. ती छान गायली. थोडी खरखर होती, पण तिच्या आवाजाला ती शोभते. तान आली आणि विमानानेही तोच सहावा सूर खाल्ला! म्हणजे या लोकांची आपसात मिलीभगत आहे. मी तिथेच थांबले.

धाकटी म्हणाली, "राहू दे गं. पंक्चरचंच गाणं आहे, एखादं भोक असायचंच. तू नुसतं वाजव, मी गाते."

"असला कचरा रेकॉर्ड करून ठेवायचा?"

"मी ऐकायला ठेवीन."

"तू काहीही ठेवशील. पाळणाघरात पोरांनी ओढलेल्या रेघोट्याही तू भिंतीवर लावतेस."

ती हसली आणि खोकली. जेवायला थांबली. माझा हात कपाकडे गेला तेव्हा तिने कप आधीच उचलून माझ्या हातात दिला. मी काय पाहुणी आहे?

ती गेल्यावर सकाळपासूनचं सगळं पुसून टाकलं. चुकलेला कागद फाइलला लावायचा नाही, ही माझी कोर्टातली शिस्त. वेळ पुष्कळ आहे.

१२ मार्च

हल्ली जॅमच्या बाटल्यांची झाकणं कोण बसवतं देवाला ठाऊक. पैलवान ठेवले असतील. बाटली सुनेकडून उघडून घ्यावी लागली. शर्टांची काजंही आता बटणापेक्षा लहान शिवतात. कोणालाच कामाची लाज उरलेली नाही.

आज तिसरं आणि चौथं एकदम उतरवलं. तिसऱ्यात शेकडो तयार आवाज आहेत, एक बघावा तर दुसरा हाका मारतो. त्याचं नाव 'बाजार'. चौथं कायमचं फुकट, तीन बटणं आणि बाकी काही नाही. तो 'फुकट्या'. दोघांनीही सहावा सूर गिळला. बाजाराने निदान वर इतका घुमारा घातला, की खड्डा जरा झाकला गेला. चोरी करून वर अत्तर लावावं, तसं.

मग मात्र माझा संयम संपला. विमानवाल्यांच्या पानावर लोक अभिप्राय लिहितात, तिथे मीही लिहिला. सिस्टरांनी शिकवलेलं इंग्रजी अशाच वेळी कामाला येतं. लिहिलं, की मी जन्मभर न्यायालयात दुसऱ्यांचं बोलणं अक्षर न गाळता टिपलं आहे, आणि आपलं उत्पादन आठांतले सात सूर देऊन आठांचे पैसे मागतं. साक्षीदार असं वागला असता तर त्याच्यावर खटला भरला असता. सुनेला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "जरा कडक झालंय का आई?" मी म्हटलं, "कडकच ठेवते, मऊ लोकांना फसवतात."

धाकटीचा निरोप होता, 'आज येऊ का? आज आवाज बरा आहे.' कळवलं, की चौघांचा निकाल लागेपर्यंत थांब.

१४ मार्च

विमानवाल्यांचं उत्तर आलं. गोड गोड. त्यांना माझं 'कोरडं' रेकॉर्डिंग हवंय.

हा प्रकार सुनेने समजावला. आपण वाजवतो तेव्हा लॅपटॉप सॉफ्टवेअरचा आवाज साठवत नाही. तारांचा जसाच्या तसा, बारीक, कोरडा आवाज साठवतो, आणि नक्कल त्याच्यावर नंतर चढवतो. म्हणजे आज वाजवलेलं उद्या वेगळ्या अ‍ॅम्पमधून ऐकता येतं, पुन्हा वाजवावं लागत नाही. वाहवा! मग पुरावा आपल्याच घरात आहे की. एकच कोरडं वाजवणं चौघांतूनही फिरवायचं आणि साक्षीदारांसमक्ष ऐकवायचं. विमानवाल्यांना एवढ्यात काही पाठवणार नाही. आधी सुनावणी.

१६ मार्च

सुनावणी झाली. पंच दोन: धाकटी आणि सून. सुनेने एकच वाजवणं एकामागून एक चार सॉफ्टवेअरमधून लावलं. कोणतं कोणाचं ते सांगितलं नाही, म्हणजे कोणी पक्षपात करायला नको.

पहिलं. तान आली, खड्डा. दुसरं. खड्डा. तिसरं, घुमाऱ्याखाली खड्डा. चौथं, खड्डा.

मी म्हटलं, "बोला! चारही चोर आहेत की नाहीत?"

सून म्हणाली, "आई, पण चारहीत बरोबर तोच सूर..." आणि एकदम गप्प झाली. धाकटीने टेबलाखाली तिच्या पायावर पाय दिला, मी पाहिलं. मग धाकटी म्हणाली, "मला चौथं आवडलं. चौथंच घे ताई. गोड आहे." चौथा फुकट्या निघाला. हिला सगळं फुकटचंच गोड लागतं. शिवाय आज तिचा आवाज इतका बसला होता, की "गोड" म्हणताना ग नुसता दिसला, ऐकू आला नाही. पोरांवर ओरडते दिवसभर, दुसरं काय.

"मग आज रेकॉर्ड करूया?" असंही तिने विचारलं. मी म्हटलं, "चार चोरांतून एक निवडायचा आणि त्याच्या हातात आपलं गाणं द्यायचं? मी पाचवं शोधते."

ती म्हणाली, "शोध. पण रोज वाजवून बघत जा हं. न वाजवता कसं कळणार?"

उरलेल्या तिन्ही कंपन्यांच्या पानांवर अभिप्राय टाकले. फुकट्याच्या पानावर जरा सौम्य लिहिलं, फुकट आहे म्हणून.

१८ मार्च

धाकटीला डॉक्टरांनी तपासलं. गाठीच्या बाजूला रक्त साकळलंय. आता ऑपरेशनपर्यंत गाणं नाही, बोलणं नाही, कुजबुजणंसुद्धा नाही. फोनवर लिहून पाठवलं तिने: 'ताई, आता तुला उलट उत्तर मिळणार नाही. चंगळ आहे तुझी.'

मी लिहिलं, की गाणं काय, ऑपरेशननंतरही होईल.

यावर तिने काही लिहिलं नाही. एरवी मला शेवटचा शब्द कधी मिळत नाही.

२० मार्च

हे लिहायचं नव्हतं. पण न लिहिलं तर उद्या मी स्वतःलाच खोटं सांगेन. माझा भरवसा नाही.

विमानवाल्यांना पुरावा पाठवायला बसले होते. नुसतं रेकॉर्डिंग पाठवलं तर पळवाट काढतील, म्हणून कोणत्या मिनिटाला, कोणत्या सेकंदाला सूर गेला ते लिहून काढणार होते, साक्ष लिहावी तसं. त्यासाठी सॉफ्टवेअर बंद केलं आणि पहिल्यांदाच ते कोरडं ऐकलं. नुसत्या तारा. ना घुमारा, ना विमान, ना आजोबा.

सहावा सूर तिथेही नाही.

वायर बदलली, वाजवलं. तार बदलायला घेतली. खुंटी फिरवताना बोटं आखडली, शेवटी सुनेने बदलून दिली. वाजवलं. नाही. मग तान अगदी सावकाश वाजवली आणि गाणं सोडून डाव्या हाताकडे बघितलं. सहावा सूर अनामिकेचा. ती जाते, तारेवर बसते. दिसायला बसते. पण दाबत नाही. जसा एखादा शिपाई खुर्चीत बसलेला असतो आणि कामावर नसतो.

जॅमची बाटली. बटणं. कप. मी झाकण बसवणाऱ्यांना शिव्या दिल्या, काजं शिवणाऱ्यांना दिल्या. चार कंपन्यांवर चोरीचा आळ घातला, नावानिशी, जगासमोर, व्याकरणशुद्ध.

सुनेला हाक मारली आणि सरळ विचारलं, "तुला माहीत होतं?"

तिने मान खाली घातली. "त्या रविवारी ऐकल्यावर त्यांच्या चटकन लक्षात आलं, आई. मावशींच्या. जाताना जिन्यात मला सांगितलं."

"आणि तू मला बोलली नाहीस?"

"त्यांनी शपथ घातली होती. म्हणाल्या, तुझ्या सासूला आत्ता सांगू नकोस. ती सॉफ्टवेअर शोधतेय तोवर रोज वाजवते तरी. ज्या दिवशी बोट आहे हे कळेल त्या दिवशी गिटार कपाटावर टाकेल आणि पुन्हा हात लावणार नाही."

"आणि गाणं? तिचं ऑपरेशन?"

"मीही तेच विचारलं. म्हणाल्या, माझा आवाज जाणारच असेल तर जाईल, तिचं तरी कशाला बंद पाडायचं."

मी तिला बाहेर जायला सांगितलं. नीट सांगितलं नाही, खेकसले. चूक झाली तरी आवाज माझाच चढतो.

मग नऊ तारखेचं शोधलं. ती पूर्ण गायली होती ना एकदा. शोधण्यासारखं काही नव्हतं, मीच पुसलं होतं. कचरा म्हणून. त्या सकाळी तिने कितीदा पहिली ओळ म्हटली, मी तिला कितीदा म्हणायला लावली, आणि आत रक्त साकळत होतं. आवाज होता तेव्हा मी अ‍ॅम्प निवडत होते.

पडद्यासमोर बसून राहिले. कोणीतरी बघतंय असं वाटत होतं. कोणी नव्हतं.

२१ मार्च

चारही कंपन्यांच्या पानांवर लिहिलं: तक्रार मागे घेते. आपलं उत्पादन निर्दोष आहे. दोष वाजवणारीच्या बोटाचा आहे, आणि तो न तपासता आरोप करण्याचा दोष तिच्या स्वभावाचा.

शेवटचं वाक्य तीनदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं.

बाजारवाल्यांचं उत्तर क्षणात आलं, यंत्राचंच असणार. 'आपल्या मौल्यवान अभिप्रायाबद्दल आभार. आमच्या सेवेला आपण किती तारे द्याल?' पाच दिले. आणखी असते तर तेही दिले असते.

सुनेची माफी मागितली. ती म्हणाली, "असू दे हो आई, जॅम खाणार का?" बाटली उघडीच घेऊन आली होती.

२३ मार्च

उद्या ऑपरेशन.

धाकटीकडे गेले. गिटार घेतली. जिन्यात दोनदा वाटलं, परत फिरावं. पाळणाघर बंद ठेवलंय, छोट्या गाद्या भिंतीशी रचलेल्या, आणि मध्ये ती पोरांच्या बुटक्या खुर्चीवर बसलेली. मला बघून दोन्ही हात पसरले आणि तोंडावर बोट ठेवून दाखवलं: मला बोलायचं नाही.

म्हणजे सगळं मलाच बोलायचं होतं. घरून वाक्यं जुळवून नेली होती. त्यातलं एकही आलं नाही. मी हात पुढे केला आणि म्हटलं, "हे बोट गेलं गं."

तिने बोट धरलं, जरा दाबून बघितलं, तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसं. फोनवर लिहिलं: 'गेलं नाही. दमलंय.'

"तुला सगळं माहीत होतं. आणि मी तुला थांबवून ठेवलं. तुझा आवाज..." तिच्यासमोर मी कधी रडलेली नाही. आज रडले. दुसऱ्याच्या घरी, बुटक्या खुर्चीवर, गुडघे हनुवटीला लागलेले. लाज वाटली, आणि लाज वाटण्यासारखंच होतं.

ती थांबली माझं होईपर्यंत. मग लिहिलं: 'लॅपटॉप आणलास?'

आणला नव्हता. कोणत्या तोंडाने आणणार? तिने सुनेला निरोप टाकला, आणि सून लॅपटॉप, डबी, वायरी सगळं घेऊन लगेच हजर झाली. लगेच म्हणजे ती खाली गाडीतच बसून होती. या दोघींचं कारस्थान मला आता ओळखायला हवं.

मी म्हटलं, "काय रेकॉर्ड करणार? तू गाऊ शकत नाहीस, मी वाजवू शकत नाही. ऑर्केस्ट्राच झाला."

धाकटीने बराच वेळ लिहिलं आणि फोन माझ्यापुढे धरला. 'तू आज वाजवून ठेव. माझी जागा सोड. परत येईन तेव्हा जो आवाज मिळाला असेल तो त्या जागेत घालू. कोंबडीचा मिळाला तर कोंबडीचा.'

"आणि तान?"

खांदे उडवले.

"सॉफ्टवेअर कोणतं लावू आई?" सुनेने विचारलं. मी धाकटीकडे बघितलं. तिने चार बोटं दाखवली. चौथं, फुकट्या. मी गिटारची वायर डबीत घातली.

सुरुवात केली. पहिल्या कडव्याला नुसते कॉर्ड धरले, गाणाऱ्याला हवेत तेवढे. समोर तिचे ओठ हलत होते. आवाज नाही, नुसते शब्द. मी पुढे पळत नाही ना, ते त्या ओठांवरून बघत होते. जन्मभर लोकांच्या तोंडाकडे बघून लिहिलं, पण इतकं लक्ष देऊन बहुधा कोणाकडे बघितलं नव्हतं. तान आली. सहावा सूर गेला. हात थांबायला लागला, तशी तिने पायाने जमीन वाजवली: चल पुढे. पुढे गेले. दुसऱ्या वेळीही गेला. चेहरा तापला, पण मी वाजवत राहिले.

तिसऱ्या कडव्यात पंक्चरवाला म्हणतो, चाकात हवा भरली बाई, डोक्यातली काढायला पैसे पडतील. लहानपणी त्या ओळीवर तिला नेहमी हसू फुटायचं आणि मी चिडायचे, की ताल जातो. आजही फुटलं. खांदे हलले, तोंडावर हात, आवाज मात्र नाही. मी तो कॉर्ड आणखी एक ठोका धरून ठेवला, तिला हसून घेता यावं म्हणून, आणि मग पुढच्या ओळीवर गेले.